कपड्यात राहिलेला साबण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना एक विचित्र त्रास सुरू झाला. मानेच्या मागे किंवा कमरेशी, रुपयाएवढ्या जागेत आधी खाज, मग आग, मग पाण्याने भरलेले फोड. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा फोड जिथे होते तिथेच कपड्यावर एक काळी खूण सापडली. कुठला शर्ट कुणाचा हे कळावं म्हणून धोबी कॉलरच्या आतून बिब्ब्याच्या रसाने खूण करत. ती कितीही धुतली तरी जात नाही, हाच तर तिचा गुण. १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या आजारावर लेख आले. बिब्बा उततो म्हणजे काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीने एका वाक्यात सांगितलं असतं. पण तिला विचारणार कोण!

गोऱ्या सैनिकांनी जांघेतल्या नायट्यालाही धोब्याचंच नाव देऊन टाकलं होतं, 'धोबी इच'. नायटा बुरशीने होतो. घाम, दमट हवा आणि दिवसभर अंगावर राहणारे घट्ट कपडे तिला पोसतात. धोबी बिचारा फुकट बदनाम झाला. धुण्यावर आळ घेणं सोपं असतं, म्हणून इसबाच्या रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला: कपड्यांना साबण कुठला वापरायचा? मला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला असायला हवा तो असा की, वापरलेला साबण कपड्यातून पुरता निघतो का?

आधी खाज कशाची हे मात्र नक्की करून घ्यावं. इसब, नायटा आणि खरूज घराघरांत एकाच डबीतल्या मलमाने बुजवायचे प्रयत्न होतात, आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमांनी नायटा आणखी चिघळतो. धुण्याच्या बाबतीतही तिन्हींचे नियम वेगळे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तगत नाही, त्यामुळे जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून आठवडाभर बाजूला ठेवलं तरी भागतं. नायट्याच्या कपड्यांना ६० अंशांचं पाणी लागतं आणि ते घरातल्या बाकीच्या कपड्यांत भिजवू नयेत. इसब यातलं काहीच नाही. तो संसर्गाने होत नाही, म्हणून त्याच्या कपड्यांतले जंतू मारत बसण्यात अर्थ नाही.

इसबाच्या त्वचेचं मूळ दुखणं हे की तिचं सर्वांत वरचं आवरण पुरेसं घट्ट नसतं. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन हे आवरण बांधायला मदत करतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड इसबाचा धोका बराच वाढवतो. अशा त्वचेतून आतला ओलावा निसटतो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. त्यात सामूचा प्रश्न. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू पाचच्या आसपास. कपड्यांची पावडर पाण्यात कालवली की तो दहाच्या घरात जातो, कारण स्वस्त पावडरींचा बराचसा भार धुण्याच्या सोड्यावर असतो. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. पाच अंक म्हणजे लाखपट. कोरड्या कपड्यात उरलेला सोडा आणि साबण घामाने पुन्हा ओला होतो आणि नेमक्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळगीत त्वचेशी घासत राहतो. इसबाच्याही याच लाडक्या जागा.

याला ॲलर्जी म्हणायची घाई करू नये. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून एक अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ७३८ रुग्णांच्या पाठीवर धुण्याच्या पावडरींची चाचणी घेतली, आणि खरीखुरी ॲलर्जी निघाली ०.७ टक्के लोकांत. म्हणजे बहुतेकांना होतो तो ॲलर्जीचा नव्हे, निव्वळ चुरचुरण्याचा त्रास, आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. जितका साबण उरेल तितका त्रास. ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण मात्रा आपल्या हातात असते.

एन्झाइमवाल्या पावडरींबद्दलही असाच एक धसका आहे. त्याला मुळात आधार होता. १९६९ साली ब्रिटनमधल्या साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमची धूळ श्वासातून जाऊन दमा झाल्याचे लेख 'लॅन्सेट'मध्ये आले. नंतर उत्पादकांनी एन्झाइमच्या दाण्यांना वेष्टण दिलं आणि धूळ उडायची थांबली. घरात कपडे वापरणाऱ्यांचं काय, हे तपासायला डेन्मार्कमध्ये इसबाच्या रुग्णांवर चाचणी झाली (१९९८). एन्झाइम असलेल्या आणि नसलेल्या पावडरीने धुतलेल्या कपड्यांत फरक आढळला नाही. उलट गार पाण्यात दूध, रक्त, घाम यांचे डाग एन्झाइममुळे निघतात, तेव्हा पावडर कमी लागते.

खरे संशयित दोन. पहिला सुवास. पावडरीचं आणि द्रव साबणाचं अत्तर कपड्यात टिकावं असंच बनवलेलं असतं. 'आठवडाभर दरवळ' अशी जाहिरात असेल तर आठवडाभर ते रसायन अंगाशी राहणार हे उघड आहे. लॅव्हेंडर, लिंबू, संत्रं ही नावं ऐकायला निरागस, पण त्यांतले लिनालूल आणि लिमोनिन हवेशी संयोग पावून ॲलर्जी आणू शकतात. दुसरा संशयित द्रव साबणातले परिरक्षक. द्रवात बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून ते घालावे लागतात, कोरड्या पावडरीला गरज पडत नाही. त्यातलं मेथिलआयसोथायाझोलिनोन हे अमेरिकन संपर्क-त्वचारोग संघटनेने २०१३ सालचं 'वर्षातलं ॲलर्जन' म्हणून निवडलं होतं. तेव्हा 'सौम्य' लिहिलेल्या महागड्या बाटलीपेक्षा बिनवासाची साधी पावडर कित्येकदा बरी, फक्त ती आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी. गडद कपड्यांवर वाळल्यावर पांढरे पट्टे दिसतात ती न विरघळलेली पावडरच.

आता खंगाळण्याकडे येऊ. सगळी गंमत इथे आहे.

समजा बादलीभर कपडे पिळल्यावर त्यांच्यात दोन लिटर साबणाचं पाणी उरलं. त्यात दहा लिटर स्वच्छ पाणी घालून खळबळलं आणि पुन्हा तसंच पिळलं, तर साबण उरतो एक षष्ठांश. दुसऱ्या पाण्यात त्याचाही एक षष्ठांश, म्हणजे छत्तीसावा भाग. तिसऱ्या पाण्यानंतर २१६ वा. हेच तीस लिटर पाणी एकदम ओतून एकदाच खंगाळलं तर? साबण उरतो सोळावा भाग. पाणी तेवढंच, पण कपडा तेरा-चौदापट जास्त साबणी. आणि प्रत्येक वेळी आणखी जोर लावून पिळलं, दोनऐवजी एकच लिटर उरू दिलं, तर तीन पाण्यांनंतर शिल्लक राहतो हजाराव्या भागाहूनही कमी. काही साबण धाग्याला चिकटून बसतो, त्यामुळे मोरीतला हिशेब इतका चोख कधीच नसतो. पण दिशा हीच. 'दोन पाण्यांतून काढ' असं सांगणाऱ्या बायकांना हे गणित मांडून दाखवायची गरज नव्हती. मात्र त्या दोन पाण्यांच्या मधे पीळ घालायला विसरत नसत. वाहत्या नळाखाली कपडा धरून ठेवण्यात मात्र पाणी जातं फार आणि साबण निघतो कमी. टँकरवर दिवस काढणाऱ्या घरांत ही उधळपट्टी परवडणारीही नाही. तिसरं पाणी तर इतकं स्वच्छ असतं की पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून किंवा फरशीला सहज चालतं.

कपड्यात साबण राहिलाय का, हे तपासायला प्रयोगशाळा नको. धुऊन वाळवलेला टॉवेल घ्यावा, शक्यतो आंघोळीचा, जाड. स्टीलच्या पातेल्यात किंवा पांढऱ्या टबात कोमट पाणी भरून त्यात तो बुडवावा आणि दोन-तीन मिनिटं हाताने चांगला चाळवावा. काठाशी बुडबुड्यांची रांग जमली, पाणी दुधट झालं, बोटांना बुळबुळीत लागलं, तर तेवढा साबण तुम्ही रोज अंगाला पुसत होता. हाच प्रयोग जीन्सच्या कमरपट्टीवर करून पाहावा. शिवण, काज, नाड्याची नळी, चड्डीचं इलास्टिक, गोधडीचे थर इथे साबण दडून बसतो. वडी घासून कपडे धुणाऱ्यांना हे जास्त जाचतं, कारण वडी नेमकी कॉलर, बाही, कमर इथेच घासली जाते, आणि वड्यांत साबणाबरोबर भर म्हणून दगडाची भुकटीही असते.

पाणी कसलं आहे यानेही फरक पडतो. मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं सुफेन पाणी मिळतं. बोअरवर जगणाऱ्या वस्त्यांत आणि खेड्यांत पाणी बहुधा दुष्फेन, बादलीच्या तळाशी पांढरा थर धरणारं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. अशा पाण्यात साबणाचा साका होऊन धाग्यांत बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, आणि तीही उरते. २०१८ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं की दुष्फेन पाण्याने धुतलेल्या त्वचेवर सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक जास्त चिकटून राहतो, आणि फिलॅग्रिनचा दोष असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो.

मग पाणी मऊ करणारं यंत्र बसवावं का? याचं उत्तर नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी शोधलं. इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी असं यंत्र बसवलं. बारा आठवड्यांनी पाहिलं तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या इसबात फरक नव्हता. २०१७ साली तिथल्याच गटाने ३०० मुलांवर खास रेशमी कपडे आजमावले, त्यांचाही फायदा दिसला नाही. पाच आकडी रकमेचं यंत्र विकायला कुणी दारात आलं तर हे दोन निकाल लक्षात असू द्यावेत. दुष्फेन पाण्यावर घरगुती तोड एवढीच की निदान शेवटचं पाणी शक्य तर पावसाचं किंवा नळाचं वापरावं.

यंत्रात धुणाऱ्यांसाठी थोडक्यात. पुढून दार असलेली मशिन कमी पाणी घेते, म्हणून तिला कमी फेसाचीच पावडर हवी आणि 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण इसबाच्या घरात कायम दाबलेलं. ड्रम कोंबून भरला की पाणी कपड्यांतून फिरतच नाही. सेमी-ऑटोमॅटिक जुनाट म्हणून काढून टाकायची घाई नको. तिच्यात खंगाळून, फिरवून पिळून, पुन्हा खंगाळता येतं. आणि पावडरीच्या चमच्यावरची खूण ही वरची मर्यादा समजावी.

यानंतर लोक जे काही घालतात, ते बहुतेक बिब्बा घालण्यापैकी. शेवटच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकायची सवय फार पसरली आहे. ते पुन्हा धुतलं जात नाही, म्हणजे ते अंगावर घालायलाच ठेवल्यासारखं. सॉफ्टनरची गोष्ट जरा निराळी. बिनवासाचा सॉफ्टनर धाग्यांचा खरखरीतपणा घालवतो आणि घर्षण कमी करतो, त्यामुळे तो सरसकट वाईट नाही. पण बिनवासाचा दुकानात मिळायला हवा ना. व्हिनेगरचा चमचाभर अंश उरलेला सोडा मारतो हे खरं, मात्र ब्लीचच्या जवळपासही तो नेऊ नये, दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. रिठा रेशमी शालूंना उत्तम. इसबालाही तो मानवतो असा समज आहे, पण त्याचा फेस डोळ्यांत गेला की कसं चुरचुरतं ते आठवा. तोही नीट खंगाळावाच लागतो.

ब्लीचची एक हकिकत सांगायलाच हवी. १९७५ साली अमेरिकेत दोन डॉक्टरांनी चड्डीच्या इलास्टिकने होणाऱ्या कमरेच्या पुरळाचा तपास केला. नवं इलास्टिक रुग्णांना बाधत नव्हतं. तेच क्लोरीनच्या ब्लीचमध्ये धुतलं की बाधायचं, कारण रबरातल्या रसायनाशी ब्लीचचा संयोग होऊन नवंच ॲलर्जन तयार होत होतं. पांढरे बनियन-चड्ड्या ब्लीचमध्ये बुडवणाऱ्यांनी इलास्टिक बाहेर ठेवावं, किंवा बुडवूच नये.

नव्या कपड्यात आपण काहीही न घालता पुष्कळ काही असतं. खळ, जादा रंग, सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेलं फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. गडद निळ्या-काळ्या पॉलिस्टरमधले 'डिस्पर्स' रंग तर कुप्रसिद्ध आहेत. या रंगांची ॲलर्जी ओळखायची एक खूण आहे. पुरळ काखेच्या कडांना येतं, जिथे कपडा घासतो. काखेचा खोल भाग मात्र सुटतो. तिथेच पुरळ असेल तर दुर्गंधीनाशकावर संशय घ्यावा. कोरा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय घालू नये हा नियम जुनाच, फक्त हल्ली दुकानातून थेट अंगावर चढवायची घाई असते. बाळाला आजीच्या जुन्या नऊवारीची दुपटी आणि लंगोट करायची रीत मला म्हणूनच शहाणी वाटते. शेकडो धुण्यांत त्या लुगड्याचा जादा रंग, खळ, खरखरीतपणा सगळं निघून गेलेलं असायचं. घोंगडी मात्र कितीही जुनी झाली तरी इसबाच्या उघड्या अंगावर घेऊ नये, दख्खनी मेंढीची जाडी लोकर टोचतेच.

वाळवणीला आपल्याकडे ऊन आहे, हे भाग्य. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी काही इसबवाल्यांना असते. ते मरायला धुण्याचं पाणी ५५ अंशांहून गरम लागतं आणि आपलं नळाचं पाणी तर त्याच्या निम्म्यावरच. पण कडक उन्हात गालिचे टाकले तर त्यांतले किडे मरतात हे ऑस्ट्रेलियात १९९४ साली तपासून झालं. गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकण्याला आता शास्त्राचा शिक्का आहे. मेल्या किड्यांची विष्ठा मात्र उन्हाने जात नाही. त्यासाठी चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्याला धुवावे लागतात, आणि त्याला गार पाणीही चालतं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास मोराक्सेला नावाच्या जिवाणूमुळे येतो हे जपानी संशोधकांनी शोधून काढलं. त्यावर अत्तर शिंपडण्यापेक्षा पंख्याखाली नीट पसरून वाळवावं, वर इस्त्री फिरवावी.

वलण कुठे बांधलीय तेही पाहावं. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातली, आणि त्याने होणाऱ्या त्वचारोगावरचं सुरुवातीचं काम पुण्याच्या रुग्णांवरच झालं. मोकळ्या प्लॉटच्या कडेला हे गवत माजलेलं असेल, तर त्याची वाळकी भुकटी ओल्या कपड्यांवर बसते. चेहरा, मान, पापण्या सुजणाऱ्या माणसाचे कपडे अशा कुंपणावर वाळत टाकू नयेत.

इसबाच्या उपचाराचा कणा म्हणजे त्वचा सतत तेलकट-ओलसर ठेवणारी मलमं, आणि ती अर्थातच कपड्यांना लागतात. ती वारंवार लागून मुरलेला कपडा लवकर पेट घेतो आणि धुतल्यावरही ती पूर्ण निघत नाहीत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ साली पॅराफिन असलेल्या-नसलेल्या अशा सगळ्याच मलमांसाठी हा इशारा दिला. आपल्याकडे गॅसपाशी उभं राहून फोडण्या घालायच्या असतात, देवघरात समई तेवत असते. अंगभर मलम लावलेल्याचा सुती गाउन किंवा ओढणी ज्वाळेपासून दूर हवी, आणि मलमाचे कपडे कोमट पाण्यात, वेगळे धुवावेत.

शेवटी ज्यांच्या हातून हे सगळं धुणं होतं त्यांच्याबद्दल. एकाच्या अंगावर इसब असतो तेव्हा तीन-तीन पाणी काढणारे हात बहुधा दुसऱ्याचे असतात, घरातल्या बाईचे किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचे. जर्मनीत कामावर दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर ते त्वचेला धोक्याचं काम धरतात. चार घरची धुणी करणाऱ्या मावशी तेवढा वेळ सकाळीच ओलांडतात. त्यांच्या हाताचा इसब बहुतेकदा अंगठीखाली सुरू होतो, कारण तिथला साबण निघतच नाही. अंगठी धुण्याआधी काढून ठेवावी आणि हात पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. हातमोजे वापरायचे तर आत पातळ सुती मोजे घालून वरून रबराचे किंवा विनाइलचे, आणि सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आत घाम साचला की पुन्हा तेच. पीळ घालताना ते घसरतात ही तक्रार रास्त आहे. पिळायचं काम मशिनच्या ड्रायरकडे सोपवता आलं तर उत्तम, नाहीतर चादरीसारखे जड कपडे दोघांनी दोन टोकांना धरून पिळावेत. मोज्यांचे दोन जोड ठेवले, तर एक वलणीवर उलटा वाळत असताना दुसरा वापरता येतो.